दोन जावई, दोन स्पीकर आणि मधली खुर्ची

तीर्थस्वरूप दादा यांना,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्याचं दुखणं अजून आहे, त्यामुळे साष्टांग फक्त कागदावर; प्रत्यक्षात खुर्चीत बसूनच लिहितो आहे.) तुमची पाठ आता कशी आहे? वहिनींचा खोकला गेला का? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, आई तर आमच्या सगळ्यांपेक्षा खुशाल आहेत, तेव्हा पाकीट बघून दचकू नका. हातात फोन असताना या माणसाला पत्र लिहायची अवदसा का आठवली, असं तुम्हाला वाटेल. कारण आईच. मागच्या आठवड्यात तुमच्याशी खासगी बोलायचं म्हणून मी न्हाणीघरात गेलो, नळ सोडला आणि दबक्या आवाजात बोललो. बाहेर आलो तर आई दोन खोल्या पलीकडे पेपर वाचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "डॉक्टरांचं नाव तुम्ही चुकीचं सांगितलंत." तेव्हापासून मी लेखणी हातात घेतली आहे. लेखणीचा आवाज अजून तरी त्यांना येत नसावा.

तर विषय तुमच्या स्पीकरांचा. आईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाला म्हणून तुम्ही दोन भलेमोठे स्पीकर, त्यांचा अॅम्प्लिफायर आणि ती इवलीशी पेन ड्राइव्ह पाठवलीत. बाबांनी नवाकोरा टेपरेकॉर्डर आणला होता तेव्हा आईंच्या मागे लागून त्यांच्याकडून गाऊन घेतलेलं ते गाणं, आई स्वतः चाल लावून शाळेत शिकवायच्या ते, तुम्ही एका माणसाकडून साफ करून घेतलंत, ही फार मोठी गोष्ट केलीत. पेटी उघडली तेव्हा आईंनी त्या पेन ड्राइव्हला नुसतं बोट लावून बघितलं आणि म्हणाल्या, "एवढ्यात मी मावले?" तुम्ही बघायला हवं होतंत.

पण तुम्ही स्पीकर दोन पाठवलेत आणि या घराला जावईही दोन, इथेच घोडं पेंड खायला लागलं. आपले पंपवाले (माझे साडू, तुमच्या धाकट्या बहिणीचे यजमान, मनुष्य सोन्यासारखा, पण पाण्याचे पंप विकून विकून त्यांना जगात जे काही वाहतं ते आपल्याच दुकानातून जातं असं वाटायला लागलं आहे) पार्सल आल्याचं कळताच स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर झाले. त्यांचं म्हणणं, स्पीकर जमिनीवर हवेत, आवाजाला तळ मिळाला पाहिजे. माझं म्हणणं, कानाच्या उंचीवर हवेत. चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं काढल्यावर एवढं कळतं की वस्तू इंद्रियाच्या समोर पाहिजे. कोणी चष्मा गुडघ्याला लावत नाही. हे मी त्यांना बोलून दाखवलं. त्यांनी ते लावून घेतलं. मग त्यांनी माझ्या दुकानाच्या पाटीवरच्या शुद्धलेखनाचा विषय काढला, ज्याचा स्पीकरशी काडीचाही संबंध नव्हता. शेवटी असं ठरलं (ठरवलं तुमच्या दोन्ही बहिणींनी, आम्ही तोपर्यंत एकमेकांशी बोलायचं थांबलो होतो) की खिडकीकडचा स्पीकर त्यांनी त्यांच्या मताप्रमाणे जोडावा, दाराकडचा मी माझ्या. वायर त्यांनी दुकानातून आणली होती, पांढरीशुभ्र जुळी वायर, दोन्ही पदर हुबेहूब सारखे. स्पीकरच्या पाठीला एक लाल खुंटी, एक काळी, अॅम्प्लिफायरलाही तशाच. हॉलच्या दोन टोकांना पाठमोरे बसून आम्ही दोघांनी आपापलं काम उरकलं. ब्र काढला नाही कोणी. आणि आईंची खुर्ची दोन्ही स्पीकरांच्या बरोब्बर मधोमध मांडली, कारण त्या बाबतीत तरी पक्षपात नको.

गाणं लागलं. मी माझ्या स्पीकरजवळ उभा, पंपवाले त्यांच्या. मला छान ऐकू आलं. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांनाही छान ऐकू येत असावं. आई मात्र मान कलती करून बसल्या होत्या. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "लांबून येतंय. पोकळ. गाणारी बाई घरात नाहीच, बाहेर जिन्यात उभी आहे."

दादा, त्याच क्षणी आम्ही त्यांना "म्हणजे कसं, नीट सांगा" असं विचारलं असतं तर हे पत्र एका कार्डावर मावलं असतं. आम्ही विचारलं नाही. आम्ही आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. तेव्हा खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर वर आले आणि दारातच म्हणाले की गाणं सुरेख आहे, शब्द न् शब्द कळतोय, पण त्यांच्या स्वयंपाकघरात कळू नये अशी त्यांची इच्छा आहे. म्हणजे खालच्या मजल्यावर बाई पोचली, जिन्यात पोचली, फक्त खुर्चीपाशी पोचेना.

पुढचे काही दिवस आमच्या हॉलची जी दशा झाली ती विचारू नका. पंपवाल्यांच्या मते हा एअरलॉक होता. पाइपात हवा अडकली की नळ खोकतो, तसा आवाज कुठेतरी अडकलाय. त्यांनी दुकानातला धूळ उडवायचा ब्लोअर आणून स्पीकरच्या जाळीवर धरला. स्पीकरमध्ये धूळ नव्हती, पण शोकेसवरची होती, आणि ती सगळ्या घरात समान वाटली गेली. मी म्हटलं (तुमच्या थोरल्या बहिणीमार्फत, कारण थेट बोलणं अजून सुरू झालं नव्हतं) की प्रश्न जागेचा आहे. मग पडदे काढले, पडदे लावले, सोफा भिंतीला, सोफा भिंतीपासून दूर, कपाटाची दारं उघडी, कपाटाची दारं बंद. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. आम्ही अंगण सगळ्या बाजूंनी वाकवून बघितलं. शेवटी मी माझ्या धंद्यातली हुकमी पद्धत काढली. आईंना सरळ बसवलं आणि गाण्याची तीच ओळ पुन्हा पुन्हा लावून विचारत गेलो, "आता बरं? की हे बरं? पहिलं की दुसरं?" दुकानात या प्रश्नावर भलीभली गिऱ्हाइकं पाचव्या भिंगाला शरण येतात आणि "हेच द्या" म्हणतात. आई म्हणाल्या, "दोन्ही वाईट. आणि मला तुमच्या तक्त्यावरचा 'ई' वाचून दाखवायला सांगू नका."

आणि मग जे आमच्या सगळ्यांच्याच मनात आलं होतं ते तुम्ही फोनवर बोललात: एकदा कान दाखवून घ्या. (तुम्हाला दोष देत नाही. आम्हाला सगळीकडे नीट ऐकू येत होतं, एकट्या त्यांनाच येत नव्हतं. संशयाची सुई त्यांच्याकडेच वळणार.) डॉक्टरांकडे आम्ही दोघंही गेलो, कारण एकटा गेलेला दुसऱ्याला काय सांगेल याचा भरवसा दोघांनाही नव्हता. डॉक्टरांनी आईंना काचेच्या छोट्या खोलीत बसवून कानाला ती मोठी हेडफोनची जोडी लावली. बारीक आवाज आला की बोट वर करायचं. आईंचं बोट वर, खाली, वर, खाली. शाळेत हजेरी घेताना पोरंही इतकी तत्पर नसतील. आई बाहेर येऊन बसल्यावर डॉक्टर बंद दाराआड नर्सच्या कानाशी काहीतरी बोलले, आणि आई बाकावरून म्हणाल्या, "घ्या ना चहा. आम्हाला घाई नाही." डॉक्टर दार उघडून त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हणाले, यांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.

एवढ्यावर शहाणा माणूस गप्प बसला असता. पंपवाल्यांनी विचारलं, "डॉक्टर, तुमचं मशीन तपासून घेतलंय ना?" आणि मी (आगीत तेल ओतायला माझ्याइतका तत्पर कोणी नाही) म्हणालो, "वयाच्या मानाने चांगले, असंच ना?" पहिल्यांदाच आम्ही दोघं एका बाजूला होतो. आई उठल्या, पर्स घेतली, आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "माझे कान चांगले आहेत म्हणूनच मला त्रास होतोय. ज्यांचे नाहीत ते मजेत आहेत."

त्यानंतर त्यांनी जी मिठाची गुळणी धरली, ती काही केल्या सुटेना. घरी आल्यावर त्यांनी रिमोट माझ्या हातात ठेवला आणि खुर्ची खिडकीकडे वळवून बसल्या. रागावल्या असत्या, बोलल्या असत्या तर सोसलं असतं. पण मी दुकानातून आलो की त्या पेपर उंच धरायच्या. पंपवाले आले की डोळे मिटायच्या. मुलींशी बोलायच्या, तेही कामापुरतं. आणि एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली: भाजी निवडताना त्या नेहमी काहीतरी गुणगुणतात ना, ते थांबलं होतं. तुमची थोरली बहीण एकदा ओट्याशी उभी राहून मला म्हणाली, "तिनं आपल्याला साधं सांगितलं, ऐकू येतंय पण चुकीचं येतंय. आणि आपण तिला म्हातारी करून टाकलं." वाढदिवस तोंडावर आला होता आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती.

तिढा सुटला तो आमच्यापैकी कोणाच्याही हुशारीनं नाही, धुण्यामुळे. वाढदिवसाला पाहुणे येणार म्हणून तुमच्या बहिणीनं खिडकीचे पडदे धुवायला काढले. ब्लोअरची कृपा, पडदे पांढऱ्याचे राखाडी झाले होते. शिडीला पंपवाल्यांच्या स्पीकरची वायर आडवी येत होती, म्हणून तिनं ती उपटून बाजूला ठेवली आणि पडदे घेऊन आत गेली. आई एकट्याच हॉलमध्ये. त्यांनी काय मनात आणून ते गाणं लावलं, त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. थोड्या वेळानं आत तुमच्या बहिणीला त्यांची हाक ऐकू आली.

"अगं, आली! आली!"

हिला वाटलं पाहुणे आधीच आले. साबणाच्या हातानं धावत बाहेर आली. "कोण आली?"

"अगं, मी! मी आले! ही बघ, इथे समोर उभी आहे!"

एक स्पीकर मेलेला, आणि दुसऱ्या एकट्या स्पीकरमधून आईंचा आवाज भरदार, ठसठशीत, खुर्चीच्या पुढ्यात. तुमच्या बहिणीनं घाईघाईनं वायर परत जोडली. बाई पुन्हा जिन्यात. मग माझ्या स्पीकरची वायर काढून बघितली. बाई पुन्हा घरात. म्हणजे दोन्ही स्पीकर निर्दोष, फक्त एकत्र आले की घोटाळा. आई म्हणाल्या, "हे मी गेली पंचवीस वर्षं बघतेय. बोलाव दोघांना."

दोन्ही जावई संध्याकाळी हॉलमध्ये आरोपीसारखे उभे. आईंनी अबोला सोडला, पण तो वर्गात सोडतात तसा. म्हणाल्या, "शाळेत मी कवायत घ्यायचे. सगळी पोरं डावा पाय टाकतात तेव्हा एखादं उजवा टाकतं. एकटं चाललं तर ते पोर उत्तम चालतं. पण त्याला जोडीला कोणी दिलं, की मधल्या मुलाला दोन्हीकडून धक्के. मला मधे बसवलंय तुम्ही. तुमच्यातला एक स्पीकर पुढे ढकलतोय तेव्हा दुसरा मागे ओढतोय. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर उरतंय काय? शून्य."

दादा, पंपवाल्यांनी कपाळावर हात मारला तो मला अजून ऐकू येतो. त्यांच्या धंद्याचा पहिला धडा आहे हा! मोठ्या मोटरच्या वायरी उलट जोडल्या की मोटर उलटी फिरते आणि पंप पाणी देत नाही. नव्या गिऱ्हाइकाचा फोन आला की ते आधी हेच विचारतात. आणि मी हसणार इतक्यात मला माझा धंदा आठवला. अधिक नंबरचं भिंग आणि तितक्याच उणे नंबरचं भिंग एकावर एक ठेवलं की काय होतं? काही नाही. खिडकीची काच. हे मी रोज हाताळतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं म्हणतात. आमच्या दोघांच्या दोन्ही काखांत कळसे होते आणि आम्ही कानाच्या डॉक्टरांपर्यंत जाऊन आलो. दोघांनी बरोबर जोडलं असतं तर चाललं असतं. दोघांनी उलटं जोडलं असतं तरी चाललं असतं! एकानं बरोबर आणि एकानं चूक, एवढीच एक गोष्ट चालणार नव्हती, आणि नेमकी तीच आम्ही साधली.

साहजिकच आम्ही दोघंही समोरच्याच्या स्पीकरकडे धावलो, उलटं कोणाचं ते बघायला. "थांबा!" आई कडाडल्या. दोघांनाही बाल्कनीत जायला लावलं आणि आतून दार लावून घेतलं. मग तुमच्या बहिणीला सांगितलं की कुठल्याही एका स्पीकरच्या मागच्या दोन वायरींची अदलाबदल कर. कुठल्याही, फरक पडत नाही. आणि कुठल्या ते या जन्मात सांगायचं नाही. दार उघडल्यावर आम्हाला म्हणाल्या, "दोघं एका दिशेला आलात ना? बास. कोण चुकला होता ते शोधायचं नाही." पंपवाल्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. बाल्कनीत उभं राहून राहून आमचं बोलणं आपोआप सुरू झालं होतं. (विषय: बाल्कनीच्या नळाची गळती.)

मग आम्ही सगळ्यांनी बसून ते गाणं ऐकलं. मी तुम्हाला काय सांगू? एवढं काळजापर्यंत काही पोचल्याचं मला आठवत नाही. आवाज खुर्चीसमोर हातभर अंतरावर उभा. श्वास घेतलेला कळत होता. मागे कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज. आणि गाणं संपल्यावर, आधी कोणालाच ऐकू न आलेला, एक चिमखडा, कंटाळलेला आवाज: "आई, झालं का?" ते तुम्ही, दादा. तुमची धाकटी बहीण रडायला लागली. आम्हाला वाटलं आता आईही रडणार. मी रुमाल काढून तयारीत होतो.

आई म्हणाल्या, "दुसऱ्या ओळीत सूर लागलेला नाही."

पुन्हा लावलं. "बघा. खालीच आहे. स्पष्ट खाली." पुन्हा लावलं. आणि मग त्या हसायला लागल्या, इतक्या हसल्या की माझा रुमाल त्यासाठी कामी आला. म्हणाल्या, "जन्मभर हा माणूस मला सांगत आला, एक सूर इकडचा तिकडे नाही! टेपरेकॉर्डरच्या त्या डबड्यात मलाही कधी कळलं नाही. आणि त्याला कळलं नसेल? मास्तरकी केली होती त्यानं गाण्याची! पक्का लबाड!" असं म्हणून त्यांनी भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे असं काही बघितलं, की मी तुमच्या थोरल्या बहिणीकडे बघितलं, आणि ती म्हणाली, "तुम्ही नका आता काही बोलू."

वाढदिवसाला पाहुणे जमले, केक कापला, मी रिमोट उचलला, तर आईंनी हात आडवा केला. "ते चुकीचं आहे. बरोबर ऐकवते." आणि बसल्या जागी गायल्या. पहिल्या ओळीला आवाज थरथरला, पोस्टमास्तर चुळबुळले. दुसऱ्या ओळीपाशी त्या थांबल्या, डोळे मिटले, आणि तो सूर असा अलगद वर जाऊन लागला की पंपवाल्यांनी सगळ्यांसमोर माझा हात दाबला. नंतर लगेच सोडला. टाळ्या संपेनात. तुमचे स्पीकर दोन्ही बाजूंना गप्प उभे होते. त्यांच्याकडे बघून मला उगीच अपराधी वाटलं.

असो. फार लांबण लागली. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि पाठीला जपा.

तुमचा,
थोरला जावई

ता. क. – खरं तर पत्र लिहायचं कारण वेगळंच. तुम्ही त्रयस्थ आहात. माझ्या आठवणीप्रमाणे मी पदर जोडताना डावा लालला लावला होता. पंपवाले म्हणतात त्यांनीही तेच केलं. अॅम्प्लिफायरच्या खुंट्यांचा फोटो वेगळा पाठवतो आहे. आईंना कळू न देता दोघांपैकी कोण उलटा होता याचा निवाडा कळवावा. कोणाला सांगणार नाही. पंपवाल्यांना सांगेन.

ता. क. २ – वरचं खोडायचं राहून गेलं, तसंच राहू द्या, पण खरं कारण तेही नाही. आई रोज सकाळी तास-तासभर रियाज करतात आणि त्यांना ते गाणं नव्यानं रेकॉर्ड करायचं आहे. मी म्हटलं, दादांना सांगतो. तर म्हणाल्या, "सांगू नका. तो बिचारा कामात असेल. यंत्राचं खोकं पाठवून देईल." याआधी तुम्ही पाय दाबायचं यंत्र पाठवलंत, हवा शुद्ध करायचं पाठवलंत, हे स्पीकर पाठवलेत, सगळी उत्तम आहेत, तक्रार नाही. पण दादा, या खेपेला खोकं पाठवू नका.

ता. क. ३ – पाकीट चिकटवून झालं होतं, पुन्हा फोडलं आहे. मी चपला घालत होतो तर आईंनी पाकीट हातात घेऊन पत्ता वाचला, वजन केल्यासारखं केलं आणि विचारलं, "एवढं काय लिहिलंय?" मी म्हटलं, स्पीकरांबद्दल. "कधी येतोय, ते विचारलंत?" मी म्हटलं, तसं थेट नाही विचारलं. मग पाकीट माझ्या हातात परत देऊन म्हणाल्या, "विचारा. आणि मी विचारलंय असं लिहू नका."